फिरायला पाठवणाऱ्या शेठना अनावृत पत्र

मा. श्री. एजंटशेठ यांसी,


आपलं ऑफिस एस.टी. स्टँडसमोरच्या बिल्डिंगीत पहिल्या मजल्यावर आणि माझं झेरॉक्सचं दुकान बरोबर त्याच्या खाली. त्यामुळे आपल्या समाजकार्याचा मी जवळचा साक्षीदार आहे. वर आपण पोरांना दुबई दाखवता, खाली मी तिची रंगीत प्रिंट काढून देतो. माझा भाव भिंतीवर लिहिलेला आहे. आपला भाव समोरच्या बाईच्या हातातल्या बांगड्या बघून ठरतो, एवढाच काय तो फरक.

आखातात जायची वाट काही आपण शोधलेली नाही. खेड, चिपळूण, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात तिकडच्या पैशावर स्लॅबची घरं उभी राहिली, पोरी कॉलेजात गेल्या. आपण त्या जुन्या वाटेत फक्त एक सुधारणा केलीत. पूर्वी माणसाला नोकरी लागायची, मग तो जायचा. आता तो आधी जातो, नोकरी मागाहून येते म्हणे.

परवाचंच सांगतो. आपलं एक गिऱ्हाईक आईला घेऊन दुकानात आलं. आयटीआय झालेला, एसी दुरुस्त करणारा पोरगा. आपण व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल मी उघडली, तर त्यावर स्वच्छ अक्षरांत ‘टुरिस्ट’ आणि पुढे ६० दिवस. मी म्हटलं, अरे, हा तर फिरायला जायचा व्हिसा. पोरगा मलाच समजावायला लागला, “काका, तसाच असतो तो. तिकडे गेल्यावर कन्व्हर्ट होतो. शेठ बोलले.” मग त्याच्या आईने पर्समधून घडी घातलेला एक कागद काढला. अक्षर आपलंच. वर मथळा, ‘एअरपोर्टवर विचारलं तर’. खाली उत्तरं: फिरायला चाललो. आठ दिवस. हॉटेल बुक आहे. बुर्ज खलिफा बघणार. कामाचा विषय काढायचा नाही. आणि शेवटी अधोरेखित करून, ‘पाने-पक्कड बॅगेत नको’.

माउलीने पोराकडून ते सगळं माझ्या काउंटरसमोर उभं राहून म्हणून घेतलं. हॉटेलचं नाव तो दोनदा विसरला. विसरणारच, कारण त्या हॉटेलात तो राहायला जाणारच नव्हता. ते बुकिंग आणि परतीचं तिकीट ही दोन्ही मंडळी पोरगा इमिग्रेशन ओलांडेपर्यंतच जिवंत असतात, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

शेठ, मला आपलं कौतुक वाटतं ते इथे. फसवणारे पुष्कळ असतात, पण फसलेल्यालाच आरोपी करून सोडणारा विरळा. व्हिजिट व्हिसावर तिकडे काम करणं बेकायदेशीर. म्हणजे ज्या दिवशी तो पोरगा पान्याला हात लावेल, त्या दिवसापासून गुन्हा त्याचा. खोटं बोलला तोही तोच, मुदत संपल्यावर राहिला तोही तोच. त्या सगळ्या कागदांवर आपलं नाव शोधून सापडायचं नाही. दीड लाखाला दहा हजार कमी घेतलेत, तेही रोख. पावती मागितली तर “विश्वास नाही का?” म्हणून आपणच रुसलात, असं त्या बाईच सांगत होत्या.

सरळ रस्ता किती कंटाळवाणा आहे बघा. तिकडची कंपनी आधी ऑफर लेटर देते, कामगार मंत्रालयाकडून वर्क परमिट काढते, त्यावर नोकरीचं एंट्री परमिट येतं. माणूस उतरला की तिथे मेडिकल होतं, एमिरेट्स आयडी हातात पडतो. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाने कामगाराकडून घ्यायचा नाही, सरळ किंवा आडवळणाने. आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. त्याखाली नोंदणी केलेल्या एजंटालाच परदेशातल्या नोकरीसाठी भरती करता येते. तो नोंदणीसाठी ५० लाखांपर्यंतची बँक गॅरंटी ठेवतो आणि उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेऊ शकतो. म्हणजे ३५,४००, आणि तेही पावतीसह. आपण त्याच्या चौपट घेता. चौपट पैसे कशाचे, तर कंपनी, करार आणि कागद या तिन्ही गोष्टी नसण्याचे.

दहावी नापास पोरांच्या बाबतीत तर आपली कला आणखी खुलते. त्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असतं. आखातातले देश धरून १८ देशांत त्यांना नोकरीला जायचं, तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते. त्यासाठी करार दाखवावा लागतो, १० लाखांचा अपघात विमा काढावा लागतो, ज्याचा दोन वर्षांचा हप्ता पावणेतीनशे रुपयांच्या आसपास आहे. अडाणी माणसाला कोणी लुबाडू नये म्हणून सरकारने घातलेलं हे कुंपण. पर्यटकाला मात्र यातलं काहीच लागत नाही. म्हणून आपण गवंड्याला पर्यटक केलंत. अंगठाबहाद्दर माणूस कर्ज काढून बुर्ज खलिफा बघायला चाललाय, यावर विमानतळावर विश्वास ठेवला जातो, ही आपल्या देशाच्या वाढत्या समृद्धीची खूणच म्हणायची.

‘कन्व्हर्ट’ कधीकधी होतोही, हे मान्य करतो. कंपनी खरी निघाली आणि तिने रीतसर परमिट काढलं, तर व्हिजिटवर गेलेला माणूस कामावर लागतो. तशा एका नशीबवानाचा गॉगलवाला फोटो आपण ऑफिसात लावलाय. बाकीच्यांचे फोटो लावायला भिंत पुरणार नाही म्हणून लावले नसतील.

बाकीच्यांचं काय होतं, ते त्यांच्या घरचे फोन रिचार्ज करायला येतात तेव्हा माझ्या कानावर येतं. एका खोलीत बंक बेडवर आठ-दहा जण. दिवसाच्या मजुरीवर काम. महिन्याने मालक म्हणतो, कसला पगार, तुझा करार कुठाय? तक्रार करायला जावं तर पहिला प्रश्न, व्हिसा दाखव. ६० दिवस उलटले की दिवसाला ५० दिरहम दंड चढायला लागतो. सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ मध्ये अमिरातीने माफी जाहीर केली, तेव्हा अशा अडकलेल्यांना दंड न भरता निघता आलं. आपण मात्र त्याआधीच सिम बदललं होतंत. नवं कार्ड माझ्याच दुकानातून नेलंत, म्हणून लक्षात आहे.

आता जरा हिशोब. १९८३ च्या कायद्यात नोंदणीशिवाय भरती करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे दोन हजार रुपयांपर्यंत. ५० दिरहम म्हणजे आजच्या भावाने हजारावर रुपये. आपण पाठवलेल्या पोराचा दुबईतला दोन दिवसांचा दंड हा आपल्या आयुष्यभराच्या दंडापेक्षा मोठा भरतो, शेठ. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम आहे, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण त्याला पुरावा लागतो, आणि त्या बाबतीत आपण किती काटेकोर आहात ते वर आलंच.

हल्ली आपल्या बोर्डावर नवे देश दिसतात. ‘जर्मनी-जपान, ना भाषेची परीक्षा, ना अनुभव’. जर्मनीने जून २०२४ पासून नोकरी शोधायला वर्षभराचं ‘शान्सनकार्टे’ सुरू केलंय. त्याला शिक्षण, गुण, जर्मन किंवा इंग्रजीचा दाखला आणि तिथे राहण्यापुरते पैसे दाखवावे लागतात. २०२४ मध्येच महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगारांचा करार केला, त्यातही जर्मन शिकणं आलंच. जपानचा स्पेसिफाइड स्किल्ड वर्करचा व्हिसा २०१९ पासून आहे, त्याला जपानी भाषेची आणि कामाची अशा दोन परीक्षा. म्हणजे हे सगळे व्हिसा अभ्यासाने मिळतात. अभ्यासात कमिशन नसतं, म्हणून आपण तेवढाच भाग वगळलात.

आणि त्याखाली परवा लाल अक्षरांत लागलेली ती ओळ: ‘थायलंड, डेटा एंट्री, राहणं-जेवण फ्री’. शेठ, इथे मात्र माझी थट्टा संपते. थायलंडला व्हिसा न लागण्याचा फायदा घेऊन याच ‘डेटा एंट्री’च्या नावाने पोरांना म्यानमारच्या सीमेपलीकडे नेलं, आणि कुंपणाच्या आत बसवून त्यांच्याकडून लोकांना लुबाडणारे फोन करून घेतले. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांतून ५४९ भारतीयांना तिथून परत आणावं लागलं. रशियात ‘हेल्पर’ म्हणून गेलेली पोरं युद्धाच्या आघाडीवर पोचली, त्याचा गुन्हा सीबीआयने मार्च २०२४ मध्ये नोंदवला. ती ओळ आपण आज संध्याकाळपर्यंत पुसावी. पुसली नाहीत तर बोर्डाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे आणि पोलीस ठाणं स्टँडच्या मागेच आहे.

जाता जाता एक कामाचं. त्या एसीवाल्या पोराला मी काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर सरकारचं ई-मायग्रेट पोर्टल उघडून दिलं. नोंदणी झालेल्या एजंटांची यादी तिथे कुणालाही फुकट बघता येते. माय-लेकांनी आपलं नाव बराच वेळ शोधलं. मग ते वर आपल्याकडे आले होते. पुढचं बोलणं मला जिन्यापर्यंत ऐकू येत होतं.

आपल्या नव्या व्हिजिटिंग कार्डांचं डिझाइन तयार आहे. विमान, बुर्ज खलिफा, सोनेरी बॉर्डर, सगळं सांगितल्याप्रमाणे. नावाखाली एक ओळ मी माझ्या मनाने वाढवली आहे, ‘भारत सरकार नोंदणी क्रमांक’, आणि पुढे जागा सोडली आहे. क्रमांक कळवलात की कार्डं छपाईला घेतो. आपण दिलेल्या पाचशे रुपये ॲडव्हान्सची पावती सोबत जोडली आहे.

आपला,
खालचा झेरॉक्सवाला