सलाममामा

रविवारी पहिली घंटा व्हायच्या आत सलाममामा चर्चच्या पायरीवर हजर असतात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि नजर फाटकावर. ओळखीच्यांना नुसता 'सलाम' मिळतो. अनोळखी चेहरा दिसला की मात्र मामांना चेव येतो. "सलाम, सलाम! काय नाव म्हणालात?" समोरच्याने अजून तोंडही उघडलेलं नसतं.

नावावरून आडनाव, आडनावावरून गाव. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांपैकी पुष्कळांची मुळं नगर, राहुरी, वडाळा मिशन, नाहीतर जालन्याकडे. त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाला नातं निघतंच. "वडाळ्याचे? मग आमच्या साडूचे भाचेच की तुम्ही!" एकदा नोकरीसाठी पुण्यात आलेला एक तमिळ इंजिनीअर चुकून आमच्या मराठी उपासनेला आला. मामांनी त्याचंही नातं काढलं, वेल्लोरमार्गे. मामांची बहीण तिथे नर्सिंग शिकली होती.

मग जागा. कुठला बाक कुणाचा हे आमच्याकडे कुठे लिहिलेलं नाही, पण सातबारावर नोंद असावी तसं सगळ्यांना पाठ आहे. नवखा माणूस रिकामी जागा बघून तिसऱ्या बाकावर टेकतो. तेवढ्यात एक आजी येऊन शेजारी उभ्या राहतात. बोलत नाहीत, नुसत्या बघतात. मामा धावत येतात आणि नवख्यालाच उठवतात. आजींपुढे त्यांचंही काही चालत नाही.

गीताचा नंबर पुकारला की मामा मागून वाकून 'उपासना संगीता'तलं पान काढून देतात आणि ओळीवर बोट ठेवतात. पेटी सुरू होते, मंडळी उभी राहते, बोट तिथेच. पहिली ओळ नेमकी त्या बोटाखाली. गीत रेव्हरंड टिळकांचं असलं तर कानात चरित्रही सुरू : बाप्तिस्मा 1895 सालचा, लक्ष्मीबाईंचा पाच वर्षांनी. पाळकसाहेब खाकरेपर्यंत ते चालतं.

उपासना संपली की चहा. इथे मामांना इतिहास आठवतो. 1890 साली याच पुण्यात, पंचहौद मिशनमध्ये रानडे, लोकमान्य टिळक अशी बडी मंडळी चहाला गेली आणि त्या कपापायी प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोचलं. "तेव्हा चहा प्यायला म्हणून प्रायश्चित्त होतं," मामा कप पुढे करत म्हणतात, "आमच्याकडे न पिता गेलात तर आहे!" कप रिकामा होईतो पाहुण्याचा फोन नंबर वहीत गेलेला असतो आणि नाताळच्या नाटकात त्याला मेंढपाळाचं काम मिळालेलं असतं. महिना जून असला तरी. तो तमिळ इंजिनीअर आता दरवर्षी मेंढपाळ होतो. मेंढपाळाला संवाद नसतात, हे एक बरं.

नव्या लोकांचा जीव गुदमरतो, अशी तरुण संघाची तक्रार आली, तेव्हा पंचांनी मामांना दोन रविवार आत बसवलं. दोन्ही रविवारी नवी माणसं आली. आम्ही सगळ्यांनी माना वळवून त्यांना नीट पाहून घेतलं. नाव कुणीच विचारलं नाही. ती पुन्हा आली नाहीत. तिसऱ्या रविवारी पंचांनीच मामांना पायरीवर नेऊन उभं केलं.

तेव्हा आमच्याकडे उपासनेला जरूर या. फक्त दहा मिनिटं आधी या, मामांच्या चौकशीला तेवढी लागतातच. आणि तिसरा बाक सोडून कुठेही बसा.