परदेशी शत्रूला घरबसल्या हातभार : नवशिक्यांसाठी सहा पायऱ्या

एखाद्या देशाची वीज घालवायची तर पूर्वी फार खटपट करावी लागे. डिसेंबर २०१५ मध्ये हॅकर युक्रेनच्या तीन वितरण कंपन्यांच्या संगणकांत शिरले, तेव्हा कुठे सुमारे सव्वादोन लाख ग्राहक काही तास अंधारात गेले. आता गच्चीवर सोलर असलेला कुणीही या कामी येऊ शकतो.

साहित्य : तीन किलोवॅटचे पॅनेल, ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, घरचं वाय-फाय आणि बेफिकिरी. पॅनेलला सूर्यघर योजनेत ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं. बेफिकिरी पदरची घालावी.

१. इन्व्हर्टर घेताना फक्त किंमत विचारा. ॲपमागचा सर्व्हर कुठल्या देशात आहे, हे विचारून बसवणाऱ्याला अवघडवू नका.

२. इन्व्हर्टरला वाय-फायशी जोडणाऱ्या डाँगलचा पासवर्ड बदलू नका. एकपासून आठपर्यंतचे आकडे ओळीने असतील तर उत्तमच. तुमच्याही लक्षात राहतील, परक्याच्याही.

३. ‘आज किती युनिट झाली’ हे ॲपवर बघून सोसायटीच्या ग्रुपवर टाकत राहा. युनिटचा आकडा ज्या वाटेने येतो, त्याच वाटेने नवं फर्मवेअर किंवा ‘बंद हो’ असा हुकूमही जाऊ शकतो, हे मनात आणू नका.

४. ‘माझ्या तीन किलोवॅटने काय होतंय?’ हे वाक्य पाठ करा. सगळी मदार यावरच आहे. बेरीज मात्र टाळा, कारण अशी दहा लाख घरं म्हणजे तीन हजार मेगावॅट. युरोपचं जोडग्रिड एका फटक्यात जास्तीत जास्त एवढीच तूट सोसेल, असं धरून आखलेलं आहे. आपल्याकडे ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे मालवले, तेव्हा मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने उतरली. तरी ग्रिड टिकलं, कारण मुहूर्त आधी जाहीर झाला होता आणि जलविद्युत केंद्रं सज्ज होती. शत्रू मुहूर्त कळवत नाही.

५. बातम्यांकडे दुर्लक्ष करा. लिथुआनियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शंभर किलोवॅटवरच्या प्रकल्पांना चीनमधून दूरनियंत्रण करण्यावर कायद्याने बंदी घातली. मे २०२५ मध्ये, काही चिनी इन्व्हर्टरांत कागदोपत्री न दाखवलेली संपर्कयंत्रं अमेरिकेत सापडल्याचं वृत्त रॉयटर्सने दिलं. लोक उगाच घाबरतात, झालं!

६. पुढील गोष्टी कटाक्षाने टाळा : पासवर्ड बदलणं, डाँगलला गेस्ट वाय-फाय देणं, डेटा कुठे जातो आणि इन्व्हर्टर दुरून कोण बंद करू शकतं हे विक्रेत्याकडून लेखी घेणं. घरोघरी हे सुरू झालं तर शत्रूला पुन्हा युक्रेनइतकी दगदग करावी लागेल.

फळ : ग्रिड पडलं की बॅटरी नसलेला ऑन-ग्रिड इन्व्हर्टरही आपोआप बंद होतो; तारेवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ती सोय केलेली असते. मग भर दुपारी, लख्ख उन्हात, स्वतःच्या तीन किलोवॅटखाली घाम पुसत बसा आणि वीज कंपनीला फोन करून खडसवा.