भामरागडला बदली

राउटरवर एलओएस नावाचा एक दिवा असतो. सगळं सुरळीत असलं की तो विझलेला असतो, त्यामुळे कनेक्शन घेतल्यावर बरेच दिवस तो तिथे आहे याचा मला पत्ताच नव्हता. तो लाल झाला की फायबरमधून येणारा प्रकाश आपल्या घरापर्यंत पोचत नाही असं समजायचं. खरं तर हा प्रकाश मोठा कर्तबगार. केसाएवढ्या काचेच्या तारेत आतल्या आत आपटत, वळणं घेत तो समुद्रसुद्धा ओलांडतो. मूळच्या मोग्याच्या नरिंदरसिंग कपानींनी १९५४ साली काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे पोचवल्याचं जगाला सांगितलं, तेव्हापासून त्याची घोडदौड चालू आहे. समुद्राच्या तळाने तो मुंबईला येतो, तिथून घाट चढून नाशकात येतो, आणि आमच्या सोसायटीच्या गेटावरच्या आंब्यापाशी येऊन संपतो.

संक्रांतीला मांजा त्याला कापतो. आमचा जिल्हा येवल्याचा, त्यामुळे पतंगाविरुद्ध बोलायची सोय नाही. पावसाळ्याच्या तोंडावर वीजवाले फांद्या छाटतात, त्यात फांदीबरोबर तारही खाली येते. मधल्या काळात सिंहस्थाच्या तयारीची खोदाई. दर वेळी कंपनीचा मेसेज यायचा की आपल्या परिसरात तांत्रिक बिघाड आहे, आपल्या संयमाबद्दल आभार. संयम मी दाखवायचो. ही दहावीच्या मुलांचे गणिताचे ऑनलाइन क्लास घेते, तिच्याकडे संयम नव्हता. प्रमेय अर्ध्यावर असताना ती पडद्यावर तोंड उघडं टाकून गोठली आणि मुलांनी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, त्या संध्याकाळी घरात ठराव झाला की कंपनी बदलायची. काम माझ्याकडे आलं. कारण काय, तर मी बँकेत आहे आणि मला फॉर्म भरता येतात.

नवीन कनेक्शन घेणं किती सोपं असतं हे मी काय सांगू. चौकशीचा नंबर टाकून फोन खाली ठेवतोय तोच दारात पोरगा हजर. खांद्यावर तारेचं भेंडोळं, हातात ड्रिल. चेहरा ओळखीचा वाटला. जुन्या कंपनीकडून तक्रारीला येणारा तोच हा. टी-शर्ट तेवढा बदलला होता.

"अरे, तू त्यांचा ना?"

"दोन्हीकडचं मीच बघतो काका. एरियाचं कॉन्ट्रॅक्ट आहे आमच्या शेठकडे."

"आणि नवीन तार कुठून आणणार?"

त्याने खिडकीतून आंब्याकडे बोट दाखवलं.

याच वेळी शहाण्या माणसाने सगळं थांबवलं असतं. मी त्याला चहा विचारला. नव्या कंपनीचा प्लॅन दोनशेचा होता, जुना शंभरचा. आमच्या चिरंजीवांनी मला जेवताना समजावलं की जाहिरातीतले शंभर हे मेगाबिट असतात, आपण फाइल मोजतो ती मेगाबाइटमध्ये, एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे शंभरचे सेकंदाला साडेबाराच. इतकी वर्षं व्याजाची आकडेमोड करणाऱ्या माणसाला आठाने भागायला सातवीतल्या मुलाने शिकवलं. मी म्हटलं, वरचा जीएसटी मात्र अठरा टक्के पुरा लागतो, त्याला कोणी भागत नाही. यावर कोणी हसलं नाही.

आता जुनं बंद करायचं. माझ्या डोक्यात मोबाइलचं होतं. तिथे २० जानेवारी २०११ पासून देशभर सोय आहे, पोर्ट असं लिहून १९०० वर मेसेज टाकायचा, नंबर तोच राहतो आणि जुन्या कंपनीचं काय ते नवी बघते. घरच्या ब्रॉडबँडला असलं काही नाही. इथे नवऱ्या मुलाने आधीचं लग्न स्वतः मोडून यायचं असतं. मी अॅप उघडलं. प्लॅन वाढवा होतं, मित्राला सुचवा आणि बक्षीस मिळवा होतं, वाढदिवसाची ऑफर होती. बंद करा कुठेच नव्हतं. कोपऱ्यात एक हसरा यंत्रमानव मदतीला बसवलेला. त्याला लिहिलं, "बंद करायचं आहे." तो म्हणाला, नक्की! राउटरचं बटण बंद करा, तीस सेकंद थांबा आणि पुन्हा चालू करा. आपली अडचण सुटली का?

मी वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस आहे. त्यामुळे मला माहीत होतं की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी नियम काढले आहेत, ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा युक्त्या त्यात नावानिशी दिल्या आहेत, आणि सेवा बंद करण्याची वाट मुद्दाम लांबट, किचकट किंवा अदृश्य ठेवणं ही त्यातलीच एक. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबरही पाठ होता. हे सगळं मी एका कागदावर मुद्देसूद लिहिलं, घसा खाकरला आणि कंपनीला फोन लावला. घरचे ऐकत होते. मी त्यांच्यासाठीच स्पीकर लावला होता.

पलीकडे एक मुलगी आली. आवाज असा गोड की कागद हातातच राहिला.

"सर, एवढी वर्षं आपण आमच्यासोबत आहात, त्याबद्दल मनापासून धन्यवाद. बंद करण्याचं कारण सांगाल का? काही चुकलं का आमचं?"

आता या मुलीचं काय चुकलं होतं? ती काही आंब्यावर बसून तार कापत नव्हती. सेवा वाईट आहे असं तिच्या तोंडावर सांगायचं म्हणजे तिच्या हातचा चहा पिऊन साखर कमी आहे म्हणण्यासारखं. मी घाईघाईने म्हणालो, "छे छे, तुमचं काही नाही. माझी बदली झालीये."

हिने भुवया वर केल्या.

"अरे वा, अभिनंदन सर! नवीन ठिकाणी आपण कनेक्शन शिफ्ट करून देऊ. शहर कोणतं?"

पुणे म्हणावं तर यांचं तिथे ऑफिस असणार. जळगाव, लातूर, सगळीकडे असणार. आमच्या बँकेत कोणाला घाबरवायचं असलं की एकच नाव घेतात. तेच तोंडात आलं. "भामरागड."

"स्पेलिंग सांगता का सर?"

सांगितलं. गडचिरोली जिल्हा, अगदी टोकाला, पलीकडे छत्तीसगड. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प तिथून जवळच, हेही सांगितलं. पर्लकोटेला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो, असं मी जरा रंगवूनच म्हणालो, आणि तेव्हाच मनात आलं की आमचा तर पूर न येताच तुटतो. पण ते बोलायची वेळ निघून गेली होती.

"सॉरी सर, तिथे सध्या आपली सेवा नाहीये."

मी सुटकेचा श्वास घेतला.

"किती वर्षांसाठी चाललात सर?"

"तीन."

"सगळेच जाताय?"

इथे माझ्यातला खोटं बोलणारा थकला आणि प्रामाणिक माणूस मध्ये पडला. "आई इथेच असेल."

"सर, मग तर कनेक्शन ठेवायलाच हवं ना! आईंना तुमचा चेहरा रोज बघायला मिळेल. व्हिडिओ कॉलशिवाय कसं राहवेल त्यांना?"

माझा घसा दाटला. मी खरोखर तिकडे पूरग्रस्त भागात बसलोय, इकडे आई फोन हातात धरून वाट बघतेय, हे चित्र मला दिसायला लागलं. वास्तविक आई समोरच शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "मी काही भामरागडला यायची नाही, आत्ताच सांगते." मग तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिने पुढचा प्रश्न विचारला: "पण मग फोनचं काय?"

फोन म्हणजे त्या कनेक्शनबरोबर फुकट आलेला लँडलाइन. तो वाजत नाही. वाजला तर कर्ज हवंय का विचारायला. पण आईने तो नंबर भिशीला, भजनी मंडळाला, गॅसवाल्याला आणि मामाच्या नातीच्या सासरी दिलेला आहे. मोबाइल म्हणजे तिच्या लेखी वाऱ्यावरचा प्रकार; घराला फोन हवा. एकेकाळी टेलिफोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेली पिढी ती. पुढे तोच फोन इंटरनेटला जोडला, की कोकलणाऱ्या मोडेमपायी तिचा बहिणीशी चाललेला फोन अडायचा, तेही तिने सोसलं. आता तो नंबरच जाणार म्हटल्यावर तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं.

पलीकडच्या मुलीने हे सगळं ऐकलं होतं. स्पीकर माझाच. तिने सुचवलं की सर, बंद नको, आपण सेफ कस्टडीत ठेवू. म्हणजे सेवा थांबेल, नंबर आपल्याच नावावर राहील, महिन्याला अगदी थोडं भाडं. आईंनाही बरं वाटेल. मी हो म्हणालो. वर थँक यू म्हणालो. तिने माझ्या नव्या कारकिर्दीला शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला. म्हणजे आता घरात एका चालू कनेक्शनचे आणि एका झोपलेल्या कनेक्शनचे असे दोन्हीचे पैसे मी भरणार होतो.

हिने माझ्या हातातून फोन घेतला, तोच नंबर लावला. "बंद करायचंय." कारण? "नकोय." सेफ कस्टडी? "नको." तीन महिने अर्ध्या दरात? "नको. तक्रार क्रमांक द्या." कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत काम झालं. माझा मुद्द्यांचा कागद तिने मागच्या बाजूला वाण्याची यादी करायला घेतला.

मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्या मुलीची प्रत्येक पायरी मला ओळखता यायला हवी होती. आमच्या शाखेत खातं बंद करायला कोणी आलं तर पहिला प्रश्न कारण काय, हाच असतो. मग पासबुक, उरलेले चेक आणि कार्ड घेऊन या. मग सही जुळत नाही. मग काका, एवढं जुनं खातं, राहू द्या ना, नातवाच्या नावाने एक आवर्ती ठेव काढू. प्रशिक्षणात हे शिकवतात आणि मला त्यात शाबासकी मिळालेली आहे.

राउटर परत न्यायला, अर्थात, तोच पोरगा आला. या वेळी जुना टी-शर्ट. मी बर्म्युड्यात, हातात केसर आंबा. त्याने मोबाइलवर तिकीट वाचलं. "कारण: ग्राहकाची बदली, भामरागड." मग माझ्याकडे बघितलं. "कधी निघताय काका?"

"बघू. ऑर्डर यायचीये."

तो काही बोलला नाही. राउटर उलटा करून नंबर जुळवला आणि म्हणाला, "अॅडॅप्टर?"

अॅडॅप्टर नव्हता. प्रत्येक मराठी घरात असतो तसा आमच्याही घरी जुन्या चार्जरचा खण आहे. तो जमिनीवर ओतला. कोणाकोणाच्या मोबाइलच्या वायरी निघाल्या, त्यातले काही मोबाइल माझ्या लग्नाआधीचे. अॅडॅप्टर नाही. पोरगा म्हणाला, नसेल तर कंपनी पैसे लावेल. आता या घरातून त्या कंपनीला एक रुपयाही जाणार नाही अशी मी गर्जना केली. बरोबर त्याच वेळी चिरंजीवांना आठवलं की गणपतीच्या मखरातली एलईडीची पट्टी बारा व्होल्टवर चालते आणि राउटरचाही अॅडॅप्टर बारा व्होल्टचाच, म्हणून... मग मी माळ्यावर. थर्मोकोलला बंदी आल्यापासून पुठ्ठ्याचं केलेलं मखर, त्याच्या पाठीला चिकटपट्टीने डकवलेला अॅडॅप्टर. तो सोडवताना कळस माझ्या हातात आला. पोरग्याने तोवर खाली आईबरोबर चहा घेतला. आईने त्याला लँडलाइनचा नंबर वाचवता येईल का विचारलं. तो म्हणाला, आजी, नव्या कंपनीचा नवीन नंबर आहे की. आईने तो पाठ केला आणि लगेच भिशीत कळवला. माझी एवढी बदली झाली, आईची एका चहात.

गेल्या आठवड्यात दुपारी काउंटरपलीकडे तो उभा. टी-शर्ट तिसऱ्याच कंपनीचा. हातात पासबुक, चेकबुक, कार्ड, सगळं नीट रबर लावून.

"काका, खातं बंद करायचंय."

"का रे? कारण काय?"

"बदली झाली."

"कुठे?"

"भामरागड."

चेहऱ्यावर काही नाही. शेजारचा कॅशियर मान खाली घालून हसत होता. मी पासबुक घेतलं, चष्मा लावला, पानं उलटली आणि म्हणालो, "बस ना जरा. घरी आई असते ना तुझी? तिचं खातं कुठे आहे?"