दुपारचे अर्जदार

उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातील जय नावाचा वाघ, ज्याच्या दर्शनासाठी दूरदूरची मातबर मंडळी आमच्या तालुक्याची धूळ खात येत असत, तो 2016 च्या एप्रिल महिन्यात गळ्यातल्या संदेशवाहक पट्ट्यासह जो बेपत्ता झाला, तो पुन्हा कोणाच्याही दृष्टीस पडला नाही. वन खात्याने रान तुडवले, वर्तमानपत्रांनी रकाने भरले, आणि अखेर सर्वांनी हात टेकले. उलट त्याच तालुक्यातील एखादा सेवानिवृत्त गृहस्थ, ज्याला भेटायला नागपूरहून सख्खा भाचाही कधी फिरकत नाही, तो दुपारी जेवून अंमळ आडवा झाला रे झाला, की मोबाइल कंपनीला तो अचूक सापडतो. जयच्या पट्ट्यात एखादे साधे प्रीपेड सिमकार्ड बसवले असते, तर निदान रिचार्जची मुदत संपता संपता तरी कोणीतरी त्याचा माग काढलाच असता, असे आमचे नम्र मत आहे.

दुपार म्हणण्याचे कारण असे, की 2011 साली अमलात आलेल्या नियमांनी रात्री नऊपासून सकाळी नऊपर्यंत विक्रीचे फोन करण्यास मज्जाव केला. दिल्लीच्या कायदेपंडितांनी रात्रीच्या झोपेचे रक्षण केले खरे, परंतु विदर्भातील मे महिन्याची वामकुक्षी ही चैनीची नव्हे तर प्राणरक्षणाची बाब आहे, हे त्यांच्या ध्यानी आले नसावे. आमच्या कोळसा खाणीत सुरुंग उडतात, भिंती हादरतात, पण आधी भोंगा होतो, आणि माणूस कूस बदलून पुन्हा निजतो. मोबाइलच्या सुरुंगाला भोंगा नाही.

"सर, दो मिनट बात हो सकती है?" असा गोड स्वर येतो, आणि आपला क्रमांक निवडक ग्राहकांच्या यादीत आला असून प्रीपेडचा त्याग करून पोस्टपेडचा अंगीकार करण्याची ही अपूर्व संधी आजच रात्री बारा वाजता लोप पावणार असल्याची इत्तिला मिळते. गुजरीतल्या भाजीवालीपासून खाणीतल्या डंपरचालकापर्यंत अवघे उमरेड निवडक आहे. या गावात न निवडलेला मनुष्य आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. पोस्टपेडची महती गाताना तिकडून आवर्जून सांगण्यात येते, की प्रीपेडचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असल्याने आपणांस वर्षात तेरा वेळा पैसे भरावे लागतात, ही किती गैरसोय! हा अठ्ठावीस दिवसांचा महिना कोणी निर्माण केला, हा प्रश्न मात्र त्या संभाषणात बसत नाही. आपल्या पंचांगात अधिक मास साधारण तीन वर्षांनी येतो आणि त्यात जावयाच्या ताटात अनारसे तरी पडतात. कंपनीच्या पंचांगात तो दरसाल येतो आणि अनारसे कंपनीच खाते. दुष्काळात तेरावा महिना ही म्हण ज्या पूर्वजांनी रचली, त्यांच्या द्रष्टेपणापुढे मान लवते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2022 साली फर्मावले, की पूर्ण तीस दिवसांची किमान एक तरी योजना प्रत्येक कंपनीने ठेवावी. किमान एक! गिऱ्हाइकाने ती शोधून काढावी, म्हणजे त्याच्या बुद्धीलाही व्यायाम.

या अनाहूतांशी व्यवहार करण्याच्या नाना तऱ्हा गावात प्रचलित आहेत. मिरचीच्या मोसमात आमचे अडते फोन उचलून केवळ त्या दिवसाचा भाव सांगतात आणि ठेवून देतात. परंतु या शास्त्रात खरी सिद्धी मिळवली ती आमच्या आळीतील एका सेवानिवृत्त अव्वल कारकुनांनी. ज्यांची उभी हयात तहसील कचेरीत दुसऱ्याचे अर्ज निकाली न काढण्यात गेली, त्या या सत्पुरुषांना विक्रीचा फोन म्हणजे सेवानिवृत्तीनंतर परत मिळालेले दफ्तरच वाटते. चष्मा पुसून, वही उघडून ते शांतपणे विचारतात, "अर्जदाराचे नाव? मौजा? तालुका?" समोरची मुलगी गोंधळून, "सर, मैं तो नोएडा से बोल रही हूँ," असे म्हणते. "असू द्या. बाहेरगावचा अर्जदार. मागणी लेखी आहे काय? कोर्ट फी स्टॅम्प लावला काय? नाही? मग त्रुटीची पूर्तता करा; प्रकरण पुढच्या मंगळवारी ठेवतो." माजघरातून त्यांच्या सौभाग्यवती ओरडतात, "काहून त्या लेकराले तरास देता जी, ठेवा न फोन!" पण दफ्तरी शिस्तीपुढे गृहसौख्य गौण होय. नवल असे, की पुढच्या मंगळवारी खरोखरच फोन आला आणि तोच आवाज म्हणाला, "सर, मेरे अर्ज का क्या हुआ?" तेव्हा कारकूनसाहेबांचा कंठ दाटून आला, तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत इतका निष्ठावान अर्जदार त्यांना भेटला नव्हता. "चौकशी सुरू आहे," असे त्यांनी सवयीप्रमाणे सांगितले.

आता सरकारने काही केलेच नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. 2007 साली भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 'आम्हांला फोन करू नका' असे म्हणणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही उघडली. पुढे 2010 साली महागाईवर विरोधी नेत्यांशी खलबत चालू असताना खुद्द अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनाच गृहकर्ज देऊ करणारा फोन आला. ज्याच्या शिरावर देशाच्या तुटीचा भार, त्याला कर्ज देऊ करणे तसे अप्रस्तुत नव्हते. पण त्या एका फोनाने जी खळबळ उडाली, ती सामान्यांच्या लाखो फोनांनी उडाली नव्हती, आणि वर्षअखेरीस नवे नियम निघाले. विक्रेत्यांना 140 ने सुरू होणारे क्रमांक नेमून देण्यात आले, जेणेकरून त्यांच्या कपाळीचा टिळा दुरूनच दिसावा. टिळा दिसू लागताच लोक फोन उचलीनात, म्हणून विक्रेत्यांनी टिळा पुसला आणि साध्या दहा आकडी क्रमांकांवरून ते पुन्हा दारी उभे राहिले. त्याच नियमांत साध्या नागरिकालाही दिवसाला शंभर संदेशांची मर्यादा घालण्यात आली होती, पुढे ती दोनशेवर नेली. चोराचा उपद्रव वाढला म्हणून घरमालकाच्याच येण्याजाण्याची गणती ठेवावी, असा हा न्याय. 2018 साली आणखी नवे नियम आले, आणि आता कोणत्या विषयाचे, कोणत्या वारी, कोणत्या प्रहरी फोन चालतील हे ग्राहकास ठरवता येते. बँका, घरे, शिक्षण, आरोग्य, पर्यटन असे विषयवार कप्पे आहेत. मुलगी सांगून आल्यावरही इतकी तपशीलवार पसंती कोणी विचारत नाही.

परंतु या साऱ्या व्यवस्थेचे मर्म तक्रारीच्या रीतीत आहे. फिर्याद 1909 या क्रमांकावर करावयाची, म्हणजे ती आपल्याच मोबाइल कंपनीकडे दाखल होते. पोस्टपेड घ्या म्हणून जी कंपनी दुपारी उठवते, तिच्याच कचेरीत तिच्याविरुद्ध दाद मागावयाची. पाटलानेच शेत चारावे आणि पंचनामाही पाटलानेच करावा, तशातला हा प्रकार. पूर्वी तीन दिवसांत तक्रार केली नाही तर हक्क बुडत असे. 2025 च्या दुरुस्तीने ती मुदत सात दिवसांची झाली. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याविरुद्ध कारवाईस पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी लागत, आता दहा दिवसांत पाच पुरतात. एकट्यादुकट्याचा मनस्ताप कायद्याच्या खिजगणतीत नाही. पाचामुखी परमेश्वर असतो, तेव्हा तक्रारदारही पाच असले पाहिजेत. म्हणजे फोन आल्यावर आणखी चार पीडित शोधणे ओघानेच आले. ते कोठे सापडावेत? बहुधा तेही आडवे झालेले असतात.

आणि याच कंपनीला जेव्हा आपण होऊन काही विचारावयाचे असते, तेव्हा एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा करत मनुष्याचा आवाज ऐकायला मिळेपर्यंत संध्याकाळ होते. क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची मुभा 20 जानेवारी 2011 पासून देशभर आहे. त्यासाठीचा पोर्टचा संदेश 1900 वर रवाना करताच मात्र हीच कंपनी विरहिणीसारखी फोनामागून फोन करू लागते आणि आपल्यात काय उणे आहे ते विचारते. आजवर ती जे विचारत नव्हती, ते नेमके हेच.

आमच्या मते दोष फोन करणाऱ्या पोरींचा नाही. त्या पगारासाठी बोलतात, आणि अव्वल कारकुनांच्या त्या अर्जदाराला तर आळीत सहानुभूतीही लाभली आहे. दोष आहे तो नियमाच्या उफराट्या रचनेत. शांतता ही नागरिकाने अर्ज करून मिळवण्याची सवलत मानली गेली आणि उपद्रव हा अर्जाविना मिळणारा हक्क. ज्यांना फोन हवेत त्यांनीच नाव नोंदवावे, हा पर्याय 2010 साली चर्चेला येऊन बाजूला पडला. तो पुन्हा पुढे आणावा आणि विक्रेत्यांनी त्या कोऱ्या वहीवर खुशाल उपजीविका करावी. तोवर वाचकांना एवढेच विनवणे आहे, की फोन आल्यास शिव्या देऊन श्वास वाया घालवू नका, क्रमांक आणि वेळ टिपून ठेवा, आणि सात दिवसांच्या आत तक्रार करा. शेजारच्या चौघांनाही उठवा.