मोडलेल्या लग्नाच्या गप्पा

"काकू, तुमच्या औशाकडच्या भाचीचं लगीन मोडलं म्हणे?"

"मोडलं न्हाई गं, तिनंच मोडवलं." काकूंनी पोह्यांचं ताट कंपाउंडच्या भिंतीवर टेकवलं. चिवड्याचे पोहे उन्हात टाकायला निघाल्या होत्या. ताट भिंतीवर टेकलं म्हणजे आता अर्धा तास तरी पोह्यांना ऊन लागत नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक.

"दहावीला हाय पोरगी. आईबाप ऊसतोडीला फडावर निघालेले. तिला घरी ठेवायची कुणापाशी? म्हणून घाई. तुळशीच्या लग्नाची बी वाट बघितली न्हाई. अन् पोराकडच्यांनी मुकादमाकडून जोडीची उचल घेऊन ठेवलेली."

"म्हणजे एकट्या पोराला अर्ध्या कोयत्याचे पैसे, बायको आली की पूर्ण कोयता."

"तेच की. पोरीनं शाळेतल्या मैत्रिणीच्या फोनवरून लेकरांच्या मदतीचा १०९८ नंबर लावला. हळदीच्या दिवशी ग्रामसेवक अन् अंगणवाडीची बाई दारात! माझा भाऊ म्हणायलाय, पोरीनं नाक कापलं. म्या म्हणलं, पोरगी वाचली ते बघ आधी."

आता कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाचा खोडसाळ स्वभाव असा, की समोरचा जिवाचं सांगत असला तरी त्याला पाठ्यपुस्तक आठवतं. मी म्हटलं, "काकू, ही तर देवलांची शारदा! सध्या पोरांना तेच शिकवायले मी."

"कोण शारदा? वसमतची?"

मग सांगावंच लागलं. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा', १८९९ साली किर्लोस्कर मंडळीनं इंदूरला पहिल्यांदा केलं. भुजंगनाथ नावाचा म्हातारा, पंचाहत्तरीचा, पैसेवाला. त्याला लग्नाची हौस. भद्रेश्वर दीक्षित नावाचा दलाल मध्ये. अन् कांचनभट हा बाप, पैशावर डोळा ठेवून पोर द्यायला निघालेला.

"म्हणजे मुकादम तवा बी होताच म्हण की!" काकूंनी भद्रेश्वराची ओळख एका फटक्यात आटोपली. माझ्या विद्यार्थ्यांना त्यासाठी दोन तास लागतात.

"मग लगीन मोडलं कसं? पोरगी बोलली का?"

"आईजवळ रडली, बोलली. पण मांडवात लगीन मोडलं ते कोदंड नावाच्या तरुणानं. नवरा न् नवरीचा बाप एकाच गोत्राचे निघाले म्हणून."

"गोत्र?" काकूंनी ताटातला एक खडा वेचून रस्त्यावर फेकला. "म्हणजे गोत्र येगळं असतं तर म्हाताऱ्याशी चाललं असतं?"

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं विचारलेला नाही. देवलांची बाजू घ्यायला मी म्हटलं, त्या काळी शास्त्राच्या बाहेर जाऊन बोलणं सोपं नव्हतं. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला, दहाचं बारा वर्षं केलं, तर त्यावरून केवढं रान पेटलं होतं. देवलांनी शास्त्रातलीच पळवाट काढली. पुढं शारदा जीव द्यायला निघते, कोदंड वाचवतो, अन् शंकराचार्यांच्या संमतीनं दोघांचं लगीन होतं.

"झालं! एका मांडवातून सुटली, दुसऱ्यात बसली."

"अन् काकू, शारदेचं काम पुरुषच करायचे. पुढं बालगंधर्वांनीसुद्धा केलं."

"मिशा काढून?" काकू इतक्या हसल्या की ताट कलंडायला आलं. मग एकदम थांबून म्हणाल्या, "पण बाईचं रडू बाप्याच्या तोंडून ऐकलं म्हणून तरी बाप्यांनी ऐकलं असंल."

तेही खरं असेल. तशी बायकांची बाजू त्याआधीही कागदावर आली होती. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्येच 'तृतीय रत्न' लिहिलं. त्यातली कुणब्याची गरोदर बायको जोश्याच्या नादानं लुबाडली जाते, अन् शेवटी नवराबायको दोघं शिकायला निघतात. दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाटक नाकारलं. इकडं आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून नाटक-कादंबऱ्या रचणाऱ्या पुरुषांना धारेवर धरलं. बाईचे दोष रंगवताय, तुमचे कुठं गेले, असा एकूण रोख. माझं मत विचाराल तर त्या शतकातलं सगळ्यात झणझणीत नाटक ताराबाईंनीच लिहिलं असतं. पण थिएटर त्यांच्या हाती कुठलं!

"बाहेरदेशी तरी बायका निघाल्या का घराबाहेर?"

"निघाली की एक. नोरा. नॉर्वेच्या इब्सेनच्या नाटकातली, १८७९ ची. नवऱ्याच्या आजारपणासाठी बापाची खोटी सही करून कर्ज काढलेलं. ते उघडं पडल्यावर नवरा तिच्यावरच उलटला, तर ही लेकरं टाकून दार लावून निघून गेली."

"लेकरं टाकून?" काकूंचा आवाज खाली आला. "माय गं. हे न्हाई पटलं मला."

"तिकडच्या एका नटीलाही नाही पटलं. जर्मनीतली मोठी नटी ती, मी माझी लेकरं कधी टाकणार नाही म्हणून अडूनच बसली. मग इब्सेननं नाखुशीनं दुसरा शेवट लिहून दिला. नवरा नोराला झोपलेल्या लेकरांच्या दारापाशी नेतो अन् ती तिथंच मटकन खाली बसते."

"अन् ही सगळी मनातली गोष्ट का घडलेली?"

काकूंना नाटकापेक्षा खऱ्या भानगडीत रस जास्त, आणि खरं सांगायचं तर मलाही. लॉरा कीलर नावाची इब्सेनच्या ओळखीतली लेखिका होती. नवऱ्याच्या उपचारासाठी तिनं कर्ज काढलं, ते फिटेना तेव्हा खोटी सही केली. नवऱ्याला कळल्यावर त्यानं तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं, घटस्फोट मागितला. पुढं ती लेकरांसाठी परत त्याच्याच घरी आली.

काकू बराच वेळ पोहे चाळत बसल्या. "आपल्याकडं पुढं कायदा झाला म्हणत्यात ना?"

"१९२९ मध्ये. हरबिलास सारडांचा. पोरीचं वय चौदा. पण तो इंग्रजांच्या मुलखाला. नांदेड-औसा-उदगीर सगळं निजामाचं, इथं तो लागूच नव्हता."

"म्हणूनच माझ्या सासूचं लगीन नवव्या वर्षी झालं. पाळण्यातून उचलल्यासारखं." मग ताट उचलत त्या म्हणाल्या, "भाचीला इथंच आणायलेय दिवाळी झाली की. मुकादम पैशासाठी पोराकडच्यांच्या मागं लागलाय अन् ते माझ्या भावाच्या. पोरगी गावात राहिली तर परीक्षेआधी पुन्हा कुणीतरी मांडव घालंल. तू घेशील का तिचा मराठीचा अभ्यास?"

"घेईन की. इथल्या कुसुम सभागृहात हौशी मंडळींचं कुठलं चांगलं नाटक लागलं, तर नाटकालाही नेईन."

"ने. पण ती तुझी शारदा लागली तर शेवटाच्या आधी उठवून आण."