शुगर निघाली का?

घाम गाळून वजन उतरवावं आणि भेटणाऱ्याने ते ओळखावं, एवढीच माझी माफक अपेक्षा असते. साताऱ्यात ती अर्धी पुरी होते. ओळखतात सगळे. राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत चालत जा, चौघे तरी थांबवतील. पण "वा, काय फिट दिसताय!" असं एकही जण म्हणणार नाही. गाडी कडेला घेतील, आवाज खाली आणतील आणि विचारतील, "उतरलात हो. शुगर निघाली का?" नाही म्हटलं तर त्यांचा हिरमोड होतो. एकाने माझ्या 'नाही'कडे दुर्लक्ष करून मेथीदाण्याचं प्रमाणही सांगून टाकलं. उलट पोट सुटलेलं असतं तेव्हा हीच मंडळी लांबून हात करतात, "तब्येत झकास!"

आता माझी अडचण अशी की कुणी बघत असेल तरच मला व्यायाम होतो. मनोनिग्रह, स्वयंशिस्त वगैरे गुण मी इतरांच्या मुलांना सांगण्यासाठी राखून ठेवले आहेत. अजिंक्यताऱ्याचंच घ्या. थंडीत पहाटे अर्धं गाव किल्ला चढत असतं. गाडी वर दरवाजापर्यंत जाते, त्यामुळे काही जण चढण गाडीने उरकतात आणि सपाटीवर फेऱ्या मारतात. त्यांच्याकडे बघून मला जे बळ येतं ते कुठल्या काढ्याने येणार नाही. समोरून ओळखीचं कुणी आलं की मी तोंड मिटून फक्त नाकाने श्वास घेतो, पाऊल लांब टाकतो, "काय, आज उशीर?" असंही विचारतो. वळण ओलांडलं की कठड्यावर बसतो. जूनमध्ये पाऊस लागला, गर्दी आटली, की माझा किल्लाही आटतो. धुक्यात चढून दाखवायचं कुणाला?

पावसाळ्यापुरती जिम लावली. तिथे चारही भिंतींना आरसे. प्रेक्षक भरपूर, पण सगळे माझ्यासारखे दिसणारे. शेजारी एक पोरगा वजनं उचलताना असा कण्हत होता की त्याला कुणी दवाखान्यात का नेत नाही, या काळजीने माझा व्यायाम राहून गेला. मग मनगटावर पावलं मोजणारा पट्टा आला. दिवसाला दहा हजार हा आकडा कुणी ठरवला याचा शोध घेतला तर कळलं, टोकियोचं ऑलिंपिक झाल्यावर १९६५ साली एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याच्या नावातच दहा हजार घातले. मागे संशोधन नव्हतं, विक्री होती. या शोधाचा आनंद मला पाच हजारांवर थांबवायला पुरला. पण २०१९ साली अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांचा एक अभ्यास आला. साधारण साडेसात हजारांपुढे फायदा फारसा वाढत नाही, असं त्यात दिसलं. म्हणजे माझी अडीच हजार पावलं अजून बाकीच होती, आणि तीही आजीबाईंच्या हिशेबाने.

आहाराचं थोडक्यात सांगतो. डॉक्टर दीक्षितांच्या पद्धतीत दिवसातून दोनदा जेवायचं आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं. मी ती ५५ मिनिटं पुरेपूर वापरली. आहारतज्ज्ञ दिवेकरांनी तूप खायला सांगितलंय हे कळल्यावर तूपही वापरलं. दोन्ही पंथ एका ताटात आणणारा मी बहुधा पहिलाच.

मॅरेथॉन मात्र माझ्यासाठीच काढलीय असं वाटतं. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटर, त्यात यवतेश्वरचा घाट चढायचा आणि परत उतरायचा. त्या सकाळी रस्त्याच्या कडेला ढोल असतात, शाळेची पोरं टाळ्या देतात, अनोळखी बायका "पळा काका, पळा!" म्हणून ओरडतात. एरवी या घाटात मला बघून फक्त माकडं थांबतात. फोटोग्राफर कुठल्या वळणावर उभे राहतात हे मी आदल्या वर्षीच्या फोटोंवरून अभ्यासून ठेवलं होतं. ते दिसले की पळायचं, दिसेनासे झाले की चालायचं. फोटोंत बघाल तर मी पूर्ण घाट पळालोय. पदक घालून घरी आलो तर आई म्हणाली, "पैसे भरून पळायला गेलतास? आन् बघ कसा वाळलायस." संध्याकाळी शेजारीण आली. तिला माझ्यादेखत सांगितलं, "पोराला काय झालंय काय म्हाईत. डॉक्टरला दाखव म्हणती तर ऐकत न्हाई."

तर हा प्रेक्षकांचा प्रश्न. तो ज्याने मुळासकट सोडवला असा माणूस आमच्याच जिल्ह्यात होऊन गेला, आणि त्याच्याविषयी बोलायला मला निमित्त लागत नाही. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. चित्रकार होते, कीर्तन करायचे, रामायणाची चित्रं काढून पुस्तक छापलं, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याला संग्रहालय उभारलं. किर्लोस्करवाडीला माळरान दिलं ते यांनीच. व्यायामाच्या बाबतीत मात्र ते सुरुवातीला तुमच्याआमच्यासारखेच नवीन काही निघालं की मागवणारे. सँडो नावाच्या युरोपातल्या पहिलवानाची, म्हणजे ज्याच्या नावाची बनियन आपण अजून घालतो त्याची, व्यायामपद्धत त्यांनी मनापासून केली. मग मिरजेच्या अधिपतींनी सूर्यनमस्कारांचं सांगितलं आणि राजेसाहेब तिकडे वळले ते कायमचे. इथपर्यंत आपणही येतो. पुढचं आपल्याला जमत नाही. आपल्याला व्यायाम आवडला तर आपण बायकोला म्हणतो, "तूही करत जा." ती हूं म्हणते. यांनी संस्थानातल्या शाळांना लावला. राजा घालतो, राणी घालते, राजपुत्र घालतात, शाळेची पोरं घालतात. त्यावर पुस्तक लिहिलं, १९३८ साली लंडनहून इंग्रजी पुस्तक निघालं, चित्रीकरणसुद्धा झालं. एवढे डोळे लागलेले असताना एखाद्या सकाळी "आज कंटाळा आलाय" म्हणायची सोयच उरत नाही. आणि गंमत बघा. १९३९ साली याच माणसाने गांधीजींच्या सल्ल्याने संस्थानाला नवी घटना दिली आणि कारभार प्रजेच्या हाती सोपवला. राज्य सोडलं. नमस्कार सोडले नाहीत. माझ्याकडे सोडण्यासारखं राज्य नाही, त्यामुळे मी नमस्कार सोडतो. रथसप्तमीला पुन्हा धरतो. बाळासाहेबांना आज कुणी पट्टा बांधला असता तर त्यांनी तो प्रजेलाही वाटला असता, आणि यमाईच्या पायऱ्या आम्ही अजून मोजत बसलो असतो. असो. किती सांगू? चारपाच पानं आणखी सहज होतील, पण संपादकांचे माझ्यावर उपकार आहेत.

या राजामुळे आमच्या घरात एक गोष्ट आली. आईचे वडील औंधच्या शाळेत शिकले. शाळेत लागलेले नमस्कार त्यांनी म्हातारपणापर्यंत घातले, आणि मोजायला उंबऱ्यावर आईला बसवायचे. ती तेव्हा सातआठ वर्षांची असेल. खेळायला जायची घाई. मग चाळीसनंतर एकदम पंचावन्न म्हणायची. "अण्णांना कळायचं का गं?" मी विचारलं. "कळायचं की. गप घालायचे."

हे तिने मला सांगितलं ते गेल्या वर्षी, गुडघे गेल्यावर. गुडघे गेले म्हणजे काय ते ज्यांच्या घरी झालंय त्यांना माहीत आहे. भाकरी थापायला खाली बसणारी बाई खुर्चीवर आली. खुर्चीवरून उठताना आधी दोन्ही हात टेकायचे, मग थोडं थांबायचं, मग देवाचं नाव. एकदा ती देवघरासमोर बसली आणि तिला उठता येईना. मी शेजारच्या खोलीत कानात गाणी घालून जागच्या जागी धावत होतो. तिने हाका मारल्या असतील. मारल्याच नाहीत म्हणते. "तुझं चाललं होतं नव्हं काहीतरी," एवढंच म्हणाली. किती वेळ तशी बसली होती हे तिने मला अजून सांगितलेलं नाही, आणि मी दुसऱ्यांदा विचारलेलं नाही.

फिजिओथेरपिस्ट मुलीने व्यायाम दिला तो दिसायला काहीच नाही. पाय लांब करायचा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघ्याने ती खाली दाबायची, मांडी घट्ट, दहा मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं. यात ना घाट, ना ढोल. आई एकटी असली की करत नाही. "केलं की," म्हणते, पण टॉवेल दोरीवर वाळत असतो. मी समोर बसून मोजलं तरच करते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा रोग मला कुठून आला. डॉक्टर वडलांकडची शुगर विचारतात, आईकडचं हे कुणी विचारत नाही.

म्हणून सकाळी किल्ल्याच्या वेळेला मी आता आईसमोर बसतो आणि मोजतो. सातपर्यंत ती माझ्याकडे आशेने बघते. सातनंतर मी दहा म्हणावं अशी तिची इच्छा असते. मी आठ म्हणतो. "अण्णांच्या येळंला मी इतकी कडक नव्हते," ती ऐकवते.

परवा ती मुलगी पुन्हा बघायला आली. आईची मांडी दाबून म्हणाली, "छान! ताकद आलीय आजी." मग माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही पळता ना? तुम्हीपण करा हे. पडा बरं, तुमचं बघू." मी पडलो. माझ्या गुडघ्याखाली आईचा टॉवेल आला. मांडी आवळून, श्वास नाकाने, चेहरा फोटोतल्यासारखा ठेवून मी दाब दिला. मुलगी म्हणाली, "आजी, मोजा तुम्ही."

आईने सुरुवात तर बरी केली. एक, दोन, तीन. चार झाल्यावर ती थांबली, चष्मा पुसला आणि मुलीला म्हणाली, "च्या घेनार का गं तू?"