शेवटच्या मिनिटाची माणसं

फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरतेच्या सायन्स सेंटरमध्ये पंतप्रधानांचा तो नावाच्या रेघांचा सूट लिलावाला निघाला, तेव्हा आमच्या उधन्यात दुसरा विषय नव्हता. कापड विणणारी वस्ती ही. कुठल्याही कपड्याचा मीटरचा भाव काढल्याशिवाय इथे कुणाला चैन पडत नाही. पहिले दोन दिवस बोली दीड कोटीच्या आसपास रेंगाळली. तिसऱ्या दिवशी, लिलाव बंद व्हायचा त्या दिवशी, ती ४ कोटी ३१ लाखांवर जाऊन पोचली. हिरे व्यापारी लालजीभाई पटेलांनी सूट घेतला, पैसे गंगेच्या सफाईला गेले, गिनीज बुकात नोंद झाली. टपरीवर मात्र एकच प्रश्न होता: एवढे पैसे खिशात होतेच, तर ही मंडळी दोन दिवस करत काय होती?

मला विचाराल तर याचं उत्तर रिंग रोडवरच्या कुठल्याही साडीच्या दुकानात मिळतं. लग्नसराईत नंदुरबार, अमळनेर, जळगावकडची माणसं ताप्ती लाईनच्या गाडीने बस्ता बांधायला येतात. त्यातल्या वडीलधाऱ्या मावशींकडे नीट बघावं. गादीवर बसल्या बसल्या त्यांना हवी ती मोरपंखी साडी दिसलेली असते. ती त्या हातही न लावता बाजूला सारतात. मग तासभर नको असलेल्या साड्यांचा ढीग उपसतात, पदर उलटा करून बघतात, ‘रंग जाईल हा’ म्हणतात, दोनदा उठून पुन्हा बसतात. पायात चपला सरकवल्यावर, अगदी आठवलं म्हणून विचारावं तसं, ‘अन् ती मघाची कितीला देताय?’ सेल्समनही तयारीचा असतो. मावशी ज्या साडीकडे बघत नाहीत, तिच्यावर त्याचं पहिल्यापासून लक्ष असतं.

आवड दाखवली की भाव चढतो. एवढं कळलं की इंटरनेटवरच्या लिलावात सगळे शेवटच्या मिनिटाला का उगवतात, तेही कळतं. आपल्याकडे बाझी डॉट कॉम होतं, २००४ मध्ये ते ईबेने घेतलं, आणि २०१८ मध्ये ईबेचं भारतातलं दुकानही उठलं. पण तेवढ्या काळात जुनी नाणी, पोस्टाची तिकिटं, घड्याळं जमवणारे आपले लोक घड्याळाच्या काट्यावर डोळा ठेवून बसायला शिकले. किंबहुना शिकायची गरजच पडली नाही.

खरं तर ईबेवर जागं राहायचं काही कारण नव्हतं. तुमची जास्तीत जास्त तयारी किती, तो आकडा एकदाच टाकायचा. तुमच्या वतीने यंत्र बोली चढवतं, आणि जिंकलात तर दुसऱ्या क्रमांकाच्या माणसापेक्षा जेमतेम थोडं जास्त द्यावं लागतं. आपला आकडा खरा सांगण्यातच शहाणपण असेल अशा लिलावाचं गणित विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये मांडलं होतं. १९९६ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांत ते गेले. गणित बिनचूक होतं; आकडा टाकून निवांत झोपणारी माणसं तेवढी मिळाली नाहीत.

पुढे आल्विन रॉथ आणि आक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी ईबे आणि अमेझॉनचे त्या वेळचे लिलाव शेजारी ठेवून पाहिले. ईबेवर ठरल्या क्षणी दार बंद व्हायचं. अमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की वेळ पुढे सरकायची. शेवटच्या क्षणाची झुंबड ईबेवर कितीतरी जास्त होती, आणि त्यातही जुन्या वस्तूंमध्ये कॉम्प्युटरपेक्षा अधिक. २००२ साली छापून आलेला हा निष्कर्ष आमच्या भंगारवाल्यांना नवा वाटणार नाही. जुन्या लूमपाशी जाणता माणूस क्षणभर थबकला, की बाकीचे त्या लूमला नव्याने निरखू लागतात. म्हणून जाणता माणूस थबकतच नाही. दुसऱ्याच यंत्रापाशी जाऊन तंबाखू मळत बसतो.

लंडनमध्ये पूर्वी मेणबत्तीचा लिलाव चाले. इंचभर मेणबत्ती पेटवायची आणि ती विझण्याआधीची शेवटची बोली धरायची. सॅम्युअल पेपिसने १६६२ च्या रोजनिशीत तिथल्या एका हुशार गड्याची नोंद केली आहे. ज्योत विझण्याच्या बेतात आली की धूर खाली वळतो, हे त्याने हेरून ठेवलं होतं. बाकीचे ज्योतीकडे बघत, हा धुराकडे. हा माणूस आज असता तर तत्काळ तिकिटाला त्याची प्रचंड मागणी असती.

आमच्या सोसायटीतल्या तात्यांकडे धूर नव्हता, पुतण्या होता. तात्या लूमच्या खात्यात मास्तर. मुलाच्या बुलेटसाठी जीजे-०५ च्या नव्या सिरीजमधला, बेरीज नऊ येणारा नंबर त्यांना हवा होता. आरटीओचा लिलाव ऑनलाइन, त्यामुळे समोर आकडा दिसतो, माणूस दिसत नाही. तात्यांनी बातमी घरातल्या घरात दाबून ठेवली. मी शेजारी म्हणून ऐनवेळी आत घेतला गेलो. पुतण्या लॅपटॉपवर आकडा टाइप करून बसलेला, तात्या हातातलं घड्याळ डोळ्यापाशी धरून उभे, पंखा बंद (का, ते विचारायची सोय नव्हती). ‘थांब रे भो… थांब…’ आणि मग खात्यातला आवाज काढून, ‘आते टाक!’ ही आरोळी तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली. नंबर मिळाला. काकूंनी पंखा लावला.

बँकेने जप्त केलेल्या गाळ्यांच्या लिलावात ही कसरत फुकट जाते. तिथे बहुतेक नोटिशींत अटच असते की शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर वेळ आणखी पाच मिनिटं वाढेल, मग आणखी पाच. तरीही लोक थांबतात. जेवणाची ताटं वाढून ठेवलेली, आणि दर पाच मिनिटांच्या साडेचाराव्या मिनिटाला कुणीतरी दबा सोडून बाहेर येतो.

याच सुरतेत जैन देरासरात आरतीची बोली लागते तेव्हा मात्र कुणी दबा धरत नाही. तिथे बोली तुपाच्या मणांत मोजायची चाल आहे, आणि ज्याला आरती हवी तो आपली इच्छा पहिल्यापासून, खणखणीत आवाजात, सगळ्यांच्या देखत सांगतो. भाव चढला तर मान वाढतो. त्या सुटाचा लिलाव या जातीचा होता की मावशींच्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन दिवस तो मावशींचा वाटला. तिसऱ्या दिवशी तूप वितळल्यासारखा.

तात्यांचं मात्र ठरलं आहे. नंबर मिळेपर्यंत ज्यांनी बायकोच्या भावालाही आकडा कळू दिला नाही, ते आता जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला बुलेट कितीची आणि नंबर कितीचा हे सांगतात. मला ऐकवली ती रक्कम खरी होती, पुतण्याने टाकलेला आकडा मी पाहिला होता. वॉचमनला सांगितलेली त्याहून तीन हजारांनी जास्त आहे. परवा उधना स्टेशनवर भुसावळकडच्या गाडीची वाट बघताना ते एका अनोळखी माणसाला सांगत होते, तेव्हा ती आणखी दोन हजारांनी चढली होती, आणि समोरून कुणीही बोली लावत नव्हतं.